उजेडाकडे धरा

हाड कोणाचंही मोडो, फिल्म आधी काकांच्या हातात जाते. काका डॉक्टर नाहीत, कंपाउंडर नाहीत, साधे मेडिकलवालेही नाहीत. उभी नोकरी बांधकाम खात्यात कारकुनी करण्यात गेली. रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या यांची बिलं तपासली, त्रुटी काढल्या, निवृत्त झाले. पण दवाखान्यातून पेशंट घरी आला की खाटेशेजारची खुर्ची कोणासाठी मोकळी ठेवायची, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काका येतात, चष्मा कपाळावर सरकवतात, पाकिटातून ती काळी फिल्म चिमटीत धरून बाहेर काढतात आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहतात. घर गप्प होतं. आजीबाईंची जपमाळसुद्धा मण्यावर थांबते.

"काका, उलटी धरलीय," एखादं आगाऊ पोरगं म्हणतं.

"असू दे. मोडलेलं दोन्हीकडून मोडलेलंच असतंय."

मग निदान. "गॅप हाय." "कॅलस धरायलाय." "रॉड जरा लांब टाकला." हे तिसरं वाक्य रॉड पडलेल्या प्रत्येक माणसाला ऐकावं लागतं. रॉड लांब नाही असं काकांच्या तोंडून अजून कोणी ऐकलेलं नाही. आता दवाखाने फिल्म देईनासे झालेत, फोटो थेट मोबाईलवर येतो. काकांचं काही अडलेलं नाही. ते मोबाईलही उचलून ट्यूबलाईटकडे धरतात आणि एक डोळा मिटून बघतात.

असे काका परभणी जिल्ह्यात नऊच्या नऊ तालुक्यांत सापडतात आणि या जातीत पोटजाती आहेत. एक पायासूपवाले. यांच्या मते जगातलं कोणतंही हाड बोकडाच्या पायांनी जुळतं, डॉक्टर फक्त बिल करायला असतो. दुसरे हाडवैद्यवाले. यांना नदीपलीकडच्या कुठल्याशा गावातला एक म्हातारा ठाऊक असतो. तो नुसता हात फिरवून हाड बसवतो, मात्र मंगळवारीच. तिसरे कांडवेलवाले. त्यांच्या कुंडीत ती चौकोनी कांड्यांची वेल असते आणि फ्रॅक्चर झालं नसलं तरी ते तिची चटणी खायला घालतात. चौथे नुसतेच साडूवाले, कारण "आमच्या साडूला असंच झालं होतं" याच्या पुढे त्यांची गाडी सरकत नाही. आमचे काका या सगळ्यांहून दुर्मिळ. ते काही खायला सांगत नाहीत, कुठे पाठवत नाहीत. त्यांना फक्त तपासायचं असतं.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपल्याकडे कशावरून पडली यावर चहाच्या गाड्यावर रोज नवं संशोधन होतं. काकांचं संशोधन पक्कं आहे. त्यांच्या मते तिचा उगम हाडात आहे. "एक्स-रे कोणी काढला? राँटजेन. कुठला? जर्मनीचा." तारीख त्यांना बिलाच्या तारखेसारखी पाठ: ८ नोव्हेंबर १८९५, गाव व्युर्त्सबुर्ग. दीड महिन्यानं, २२ डिसेंबरला, त्यानं बायकोचा हात प्लेटवर ठेवून बोटांच्या हाडांचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. पेटंट घेतलं नाही, १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मात्र घेतलं. "आन् रॉड? त्योबी जर्मन. क्युंचर. कीलचा." हेही खरं आहे. गेऱ्हार्ट क्युंचरनं १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई ठोकून हाड जोडलं. महायुद्ध संपल्यावर जर्मनीच्या कैदेतून परतलेल्या सैनिकांच्या मांडीत सळया बघून अमेरिकन डॉक्टर चक्रावले होते. "किरण जर्मनीचे, सळई जर्मनीची," काका म्हणतात, "आन् तपासणीस परभणीचा. झाली का नाय म्हण पुरी?"

तरीही काकांचं एक्स-रेशी हाडवैर आहे. गेल्या वर्षी शेजारचं पोरगं मोटरसायकलवरून पडलं, नडगीचं हाड मोडलं. पहिली फिल्म काकांनी पाहिली, बारीक चीर. दोन आठवड्यांनी दुसरी पाहिली. चीर आणखी रुंद! काकांनी गल्ली डोक्यावर घेतली. "काम मागं गेलं! हे काय करायलेत डॉक्टर?" डॉक्टरांनी समजावलं की असंच व्हायचं असतं. हाड मोडलं की आधी तिथं रक्त साकळतं, तुटल्या टोकांची मेलेली हाडं शरीर स्वतःच खाऊन साफ करतं, म्हणून सुरुवातीला फट वाढल्यासारखी दिसते. मग तिथं मऊ कूर्चा भरते. कूर्चा एक्स-रेला दिसत नाही, कारण एक्स-रे अडतो तो कॅल्शियमला. कॅल्शियम पुरेसं साठलं की मग कुठे फिल्मवर ढगासारखं पांढुरकं काही उमटतं. तोवर आत कारागीर दिवसरात्र खपत असतात आणि फिल्मवर बांधकाम बंद.

काकांना हे पटलं, पण रुचलं नाही. नोकरीभर त्यांनी एकच गोष्ट जपली होती, मोजमाप पुस्तिका. बांधकाम खात्यात तिला एम.बी. म्हणतात. कोणत्या तारखेला किती काम झालं, लांबी, रुंदी, उंची, तिथल्या तिथे लिहायचं, सही करायची. एम.बी. नसेल तर पूल डोळ्यासमोर उभा असला तरी बिल निघत नाही. "एक्स-रे म्हंजे कामाचा फोटो," काका म्हणाले. "फोटोवर कुठं बिल निघतंय का? मला सांगा, ह्या पोराच्या नडगीत सोमवारी किती काम झालं, मंगळवारी किती झालं, त्याची नोंद कुठं हाय?"

मला त्या वेळी हसू आलं होतं. आता वाटतं, हाडाबद्दल इतका नेमका प्रश्न मी शिकलेल्या माणसाच्या तोंडूनही ऐकलेला नाही.

नोंद असते. ती काकांना त्यांच्या भाच्यानं सांगितली. भाचा इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकतो. १९७२ सालचं कॉलेज, आधी कृषी विद्यापीठाचं होतं, पुढे २००० साली नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ निघालं तेव्हा तिकडे गेलं. भाचा सुट्टीच्या दिवशी काकूंच्या हातचं जेवायला येतो आणि काका त्याच्याकडून ताटावरच दाखला वसूल करतात. त्या दिवशी गोष्ट निघाली ऑक्सिटेट्रासायक्लिनची.

"गायी-म्हशींना देतात ते पिवळं इंजेक्शन?"

"तेच, मामा. शेळीचं हाड कसं जुळलं हे बघायचं असलं तर संशोधनात तेच देतात."

या टेट्रासायक्लिन जातीच्या औषधाचा रेणू कॅल्शियमला घट्ट धरतो. इंजेक्शन दिलेल्या दिवशी शरीरात जिथे जिथे नवं हाड घातलं जात असेल, तिथल्या कॅल्शियमबरोबर औषधही गाडलं जातं. जुन्या, पक्क्या हाडात ते फारसं शिरत नाही. पुढे त्या हाडाची पातळ चकती काढून सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाशात धरली की त्या दिवसाची रेघ पिवळीजर्द चमकते. हे १९५७ साली अमेरिकेत मिल्च आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मग हॅरल्ड फ्रॉस्ट नावाच्या हाडांच्या डॉक्टरनं युक्ती पुढे नेली. आज एक डोस, काही दिवसांनी दुसरा. हाडात दोन रेघा उमटतात. दोन रेघांमधलं अंतर मोजा, मधल्या दिवसांनी भागा, रोजचं काम किती ते बाहेर पडतं. माणसाच्या हाडात ते दिवसाला एका मायक्रॉनच्या आतबाहेर भरतं, म्हणजे केसाच्या जाडीइतकं काम व्हायला दोन-तीन महिने. शिवाय नुसतं पिवळंच नव्हे. कॅल्सीन दिलं की हिरवी रेघ, अलिझरीन दिलं की लाल. तीन तारखा, तीन रंग.

काकांचा घास हातातच राहिला. "एम.बी.!" ते म्हणाले. "आरं, ही तर एम.बी. हाय! तारीखवार! तीन शाया!"

काकू म्हणाल्या, "आधी वरण वाढू का शाई वाढू?"

त्यानंतर महिनाभर काकांनी गल्लीत दुसरा विषय चालू दिला नाही. टेट्रासायक्लिन लहानपणी पोटात गेलं तर दात कायमचे पिवळट होतात, म्हणून आठ वर्षांच्या आतल्या लेकरांना आणि गरोदर बायांना ते सहसा देत नाहीत, हेही त्यांना कळलं. मग ते समोर येईल त्याचे दात बघू लागले. पण हा शोध पुढे सरकला नाही. आपल्या भागात दात पिवळे असायला टेट्रासायक्लिनच लागतं असं नाही, तंबाखू घरोघर आहे.

खरी बहार चहाच्या गाड्यावर. काका स्टेशन रोडवर उभं राहून लंडनची गोष्ट सांगायचे. १७३६ साल. जॉन बेल्चियर नावाचा सर्जन एका कापड रंगवणाऱ्याच्या घरी जेवायला गेला. ताटात मटण, आणि मटणातली हाडं लालभडक. चौकशी केली तर कळलं, रंगाऱ्याकडे मॅडर नावाच्या मुळीचा लाल रंग वापरत आणि त्या कामात रंगलेला कोंडा जनावरांना चारत. आपल्या मंजिष्ठेची ही चुलत बहीण. अलिझरीन तिच्यातलंच. बेल्चियरनं मुद्दाम मुळी चारून पाहिली. मांस जसंच्या तसं, हाडं लाल! रंगाऱ्याची जनावरं मुळात डुकरं होती. पण गाड्यावर ऐकणारे कोण उभे आहेत हे पाहून काका तिथं बोकड घालतात. एकदा एकानं विचारलं, "मग काका, त्यानं ते खाल्लं का टाकलं?" काकांनी बराच विचार केला. इतिहासात याची नोंद नसल्यानं त्यांना उत्तर देता आलं नाही आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं.

सुदानची गोष्ट मात्र ते घरी जशीच्या तशी सांगत नाहीत. तिथल्या न्युबिया भागात सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं सापडली. १९८० साली 'सायन्स' मासिकात छापून आलं की ती हाडं अतिनील प्रकाशात टेट्रासायक्लिनसारखीच चमकतात. त्या काळी कुठलं इंजेक्शन? पण टेट्रासायक्लिन हे मुळात मातीतल्या जिवाणूंचं देणं. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या 'टेरामायसिन' या नावातला 'टेरा' म्हणजेच माती. अंदाज असा की त्या लोकांच्या धान्यात हे जिवाणू वाढले आणि त्या धान्याची बियर रोज पोटात गेली. काकू माळकरी. त्यामुळे बियरचं काकांनी 'आंबवलेली पेज' करून टाकलं. काकूंनी ती सरळ आंबील समजली आणि त्या दिवसापासून काकांना उन्हाळाभर सकाळी ज्वारीची आंबील मिळायला लागली. हाडं चमकली का हे बघायला काका तयार नाहीत. त्यासाठी आधी काय व्हावं लागतं ते भाच्यानं सांगितलेलं आहे.

ते डॉक्टरांनीही सांगितलं. पोराच्या पुढच्या तपासणीला काका सोबत गेले. पोराचे वडील होते, चुलते होते, तरी काका आत घुसले. "डॉक्टर, ह्या खेपेला काळंपांढरं नको. रंगीत काढा."

"कसलं रंगीत?"

"तारीखवार. टेट्रासायक्लिन देऊन."

डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी चटकन ओळखलं की समोरचा माणूस वाचून आलेला आहे. "काका, त्याला हाडाचा तुकडा कापून काचेवर घ्यावा लागतो. कापू?"

पोरगं खाटेवरून उठून बसलं.

"न कापता न्हाई का काही?"

आहे की. २००१ साली बोस्टनच्या संशोधकांनी ते करून दाखवलं. म्हाताऱ्या माणसांची हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात त्या बिस्फॉस्फोनेट जातीतलं पॅमिड्रोनेट हे औषध घेतलं. ही औषधंही हाडाच्या खनिजाला जाऊन चिकटतात, विशेषतः जिथे नवं काम चाललंय तिथे. त्याच्या शेपटीला एक रंगद्रव्य जोडलं. हे रंगद्रव्य तांबड्याच्या पलीकडच्या प्रकाशात चमकतं, डोळ्याला न दिसणाऱ्या. हा प्रकाश रक्तामांसातून त्यातल्या त्यात बरा पार होतो. इंजेक्शन दिलं, बाहेरून कॅमेरा रोखला, आणि जिवंत उंदराच्या कातडीतून हाडांवरचं चालू बांधकाम उजळून दिसलं. चिरफाड नाही. तोच उंदीर पुन्हा पुढच्या आठवड्यात बघता येतो.

"मग आमच्या पोराला का नाय?"

"उंदीर केवढा, तुमचं पोरगं केवढं! हा प्रकाश फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत जातो, मग विस्कटतो. मांडीत, नडगीत नीट चित्र मिळत नाही. माणसासाठी टेक्नेशियमचं बोन स्कॅन असतं, त्यात गॅमा किरण बाहेर येतात. पण साध्या प्लास्टरसाठी कोणी ते काढत नाही."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे उंदराला सोय हाय, माणसाला नाय. आन् उंदीर कुठं मोटरसायकल चालवायलाय?"

डॉक्टरांकडे याला उत्तर नव्हतं. अस्थिशास्त्राकडेही नसावं.

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. पण बांधकाम खात्यातला माणूस साहेबानं 'नाही' म्हटलं म्हणून फाईल बंद करत नाही. प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी काका ओळखीच्या कापडदुकानातून नोटा तपासायची निळी लाईट मागून घेऊन आले. "हाच अतिनील," ते म्हणाले. "पाचशेची नोट खरी का खोटी सांगतोय, हाड नाय सांगणार?" भाच्यानं समजावायचा प्रयत्न केला की हा प्रकाश कातडीच्या वरवरच अडकतो, मिलिमीटरभरसुद्धा आत जात नाही, आणि मुळात पोराला टेट्रासायक्लिन दिलेलंच नाही. "बघायला काय पैसे पडतात का?" काका म्हणाले, आणि लाईट गेली. घरातली. आमच्याकडे लाईट अशा कामाला वेळेवर जाते.

अंधारात काकांनी बटण दाबलं आणि पहिला चमत्कार झाला. काका स्वतःच पेटले. त्यांचा पांढरा सदरा, टोपी, धोतराचा काठ सोडून सगळं निळंजांभळं लखलखायला लागलं. बारकी पोरं किंचाळली.

"टिनोपाल," भाचा म्हणाला. "कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुताना घालतात ना, ते असंच चमकतं."

"गप. हाड बघू दे."

काकांनी लाईट पोराच्या पायावर धरली. महिनोन्महिने प्लास्टरात राहून वाळलेला, काटकुळा पाय. आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगी पिवळीहिरवी उजळली! मंद नव्हे, झगझगीत. पोराच्या आईनं हात जोडले. चुलते म्हणाले, "आयला!" काकांचा आवाज भरून आला. सबंध नोकरीत त्यांनी इतकं स्वच्छ काम पाहिलं नव्हतं. "जुळलं," ते म्हणाले. "गॅप नाय, काय नाय. एकसंध. कंप्लीशन द्या."

"आता गं बाई," कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "मी आत्ताच त्याच्या पायाला हळद-तेल चोळलंय."

भाचा हसता हसता खाली बसला. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळलं की अतिनील प्रकाशात पिवळंहिरवं चमकतं, हे त्याला सांगायला सुद्धा जमेना. काकांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी लाईट फिरवली. आजींचा उजवा हात चमकला. आजींनी हात पुसला होता ती दाराची चौकट चमकली. पदराचा शेव चमकला. चौकटीला अंग घासून गेलेल्या मांजराची एक बाजूही चमकली. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी जुळलेलं हाड कुठे कुठे निघालं त्याला हिशोब नव्हता.

काकांनी लाईट बंद केली. खिशातून छोटी वही काढली, तिच्यात त्यांनी पोराच्या पायाची एम.बी. पहिल्या दिवसापासून ठेवली होती. मोबाईलच्या उजेडात चष्मा लावून, जीभ दातांत धरून त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मी मागून डोकावून वाचलं: 'समक्ष पाहणी केली. हळद वजा जाता काम समाधानकारक. पुढील तपासणीपूर्वी सदर पाय साबणाने धुऊन ठेवणे.' खाली सही, तारीख, आणि आजींसाठी जागा मोकळी सोडून 'वाचून पाहिले'.